चाटूनपुसून

२८ जुलै, सोमवार

टोचलं मेलीने! मनगटावर, अगदी शिरेपाशी. हळद दाबून लिहायला बसलेय. मी तिला खायला घालायला गेले होते, मारायला नाही. एवढंही तिच्या शेंगदाण्याएवढ्या डोक्यात शिरत नाही.

काल दुपारी आई मोरीत कोसळल्या. ह्यांनी आणि मी धरून तीन जिने खाली आणलं. दंडाला धरलं तर हातात नुसती हाडं आली. टॅक्सीत घातलं, हॉस्पिटलात भरती केलं. आणि टॅक्सीचं दार लावताना माझ्या सासूबाई काय म्हणाल्या? "वैशाली, कोंबडेक बघ गो. तिका उठवू नको." स्वतःला उभं राहता येत नाही. लेकाकडे बघितलं नाही, नातीला हाक मारली नाही – कोंबडी!

मे महिन्यात गावाहून आल्या तेव्हा ही बया पिशवीत घालून आणली. मला विचारलं? नाव नको. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही चौघं आणि दाराबाहेर गॅलरीत, जुन्या कुलरच्या खोक्यात ही. अंडी देत होती तोवर मी गप्प बसले. गटारीला तिचा रस्सा करायचं ठरलं होतं, मी वाटपसुद्धा करून फ्रीजमध्ये ठेवलं होतं. तर गटारीच्या चार दिवस आधी बाईसाहेब खुडूक बसल्या, अंडी द्यायची सोडून उबवायच्या हट्टाने. आईंनी लगेच तिच्याखाली डझनभर अंडी सरकवली आणि जाहीर करून टाकलं, "खुडूक कोंबडी कोण कापीत नाय." संपला विषय! हे निमूट जाऊन दुकानातून ब्रॉयलर घेऊन आले.

वीस तारखेला बसवली. एकवीस दिवस म्हणजे दहा ऑगस्ट. तोवर ही माझ्या गळ्यात.

२९ जुलै, मंगळवार

नागपंचमी. चाळीतल्या बायका नागोबाला दूध-लाह्या दाखवत होत्या आणि मी कोंबडीपुढे वाट्या मांडत होते.

कणी ठेवली – बघितलंसुद्धा नाही. बाजरी – चोचीने उडवली, अर्धी शेजारच्यांच्या चपलांत गेली. चपाती दुधात भिजवून दिली, वाटी उलटी केली. मेथीचे देठ, कोबीची पानं, पेरूच्या बिया. नाही, नाही, नाही. मग गंगुबाई म्हणाली मका भरडून दे. म्हणून छत्री उलटी होत असताना भायखळ्याच्या मार्केटातून मका आणला. मका! दोन दाणे उचलले आणि मुलीकडच्या जेवणाला नावं ठेवणाऱ्या विहिणीसारखं बाजूला टाकले.

गंगुबाई पलीकडच्या खोलीतली. साताऱ्याकडची, सत्तरी उलटलेली, कोंबड्यांत वाढलेली. मी भायखळ्यात वाढले. माझा कोंबडीशी संबंध कालवणापुरता.

गंगुबाई म्हणाली, "खुडूक कोंबडी दिवसातनं येकदाच उठती बघ. खाती, पाणी पिती, ढीगभर हगती, परत जाऊन बसती. पर ही उठंना झालीय. उचलून खाली ठेव. न्हायतर बसल्या जागी मरंल, पर अंडी सोडायची न्हाय."

उचलली. पिसं फुगवून दुप्पट झाली, घशातून क्रर्र क्रर्र केलं, आणि खाण्याकडे पाठ फिरवून सरळ परत खोक्यात. पोटाखाली हात लागला तेव्हा कळलं, छातीचं हाड वर आलंय.

मरू दे. मी काय करू? मला घर आहे, अंगणवाडी आहे, हॉस्पिटल आहे!

३० जुलै, बुधवार

आज जे ऐकलं ते मी विसरणार नाही.

प्रिती आली होती माहीमहून. आईंची लाडकी लेक, माझी धाकटी नणंद. नर्सने आईंचं वजन केलं. अडतीस किलो! एप्रिलमध्ये गावच्या आरोग्य शिबिरात सत्तेचाळीस होतं, तो कागद प्रितीच्या मोबाइलमध्ये आहे. तिने तो मला दाखवला, ह्यांना दाखवला, शेजारच्या पेशंटच्या मुलीलाही दाखवला. आणि मग भर वॉर्डात विचारते कशी – "वहिनी, तू आईला जेवायला घालत होतीस ना?"

घालत होतीस ना! डॉक्टरांनी मीठ-तिखट कमी सांगितल्यापासून दोन्ही वेळचं वेगळं रांधतेय मी. नाचणीची घट्ट पेज. अंगात ताकद यावी म्हणून त्यात सुकट भाजून, कुटून, चाळून. दात नाहीत म्हणून भात मऊसूत शिजवून. मी सकाळी साडेआठला घर सोडते, त्याआधी त्यांचं ताट वाढून होतं. त्यांना गॅलरीत बसून जेवायला आवडतं म्हणून तिथे पाट मांडून देते. आणि ताट कसं परत यायचं? लख्ख! पेजेचा एक थेंब नाही. खोटं वाटत असेल तर माझ्या लेकीला, श्रेयाला विचारा, ती घासायची भांडी.

हेच सगळं मी डॉक्टरांनाही सांगितलं. ते विचारत होते, खाणं कमी झालंय का, घास अडकतो का, उलटी होते का. मी म्हटलं, छे! चाटूनपुसून जेवतात. आईंनीही मान हलवली. "जेवतंय ना मी. सून बरा वाढता." डॉक्टर म्हणाले, मग खाल्लेलं अंगी का लागत नाही ते शोधावं लागेल. रक्त, थुंकी, पोटाची सोनोग्राफी, सगळं लिहून दिलं.

आणि ह्यांनी काय केलं? सगळा वेळ सलाइनची बाटली वाचत उभे! बहीण बायकोला चोर ठरवतेय आणि हा माणूस बाटली वाचतोय. घरी येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. आल्यावर बोलले. सगळ्या मजल्याने ऐकलं असेल. ऐकू दे.

३१ जुलै, गुरुवार

अंगणवाडीत मुलांची महिन्याची वजनं. रे रोडच्या वस्तीतल्या एका बाईचं पोर दोन महिने एका ग्रॅमने हललेलं नाही. "बाई, सगळं खातो हो, ताट रिकामं करतो." मी फाडकन म्हटलं, "ताट रिकामं झालं ते सांगू नकोस, कुणी केलं ते सांग!" मग निघालं. ही धुण्याभांड्याला जाते आणि मागे मोठा भाऊ ह्याचं गिळतो. अठरा वर्षं हेच करतेय मी, मला कोण फसवणार?

मोबाइलच्या ॲपमध्ये माहिती भरताना तीनदा लटकलं. त्याचाही राग आलाच.

प्रितीने नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलंय – "आई खूप अशक्त झाली आहे, घरी लक्ष दिलं गेलं नाही." दिलं गेलं नाही! नाव घेतलं नाही म्हणजे कळत नाही की काय कुणाला?

कोंबडी – पाण्याचे चार घोट. बाकी काही नाही.

१ ऑगस्ट, शुक्रवार

पाचवा दिवस. तुरा पांढरट पडलाय. खा ना गं भवाने!

२ ऑगस्ट, शनिवार

हसावं की डोकं आपटावं?

गंगुबाई मोबाइलची बॅटरी घेऊन आली. अंड्याला खालून उजेड लावला की आत पिल्लू धरलंय की नाही ते दिसतं म्हणे. मी कोंबडी उचलून धरली – आता ती टोचायलाही मागत नाही, नुसती जड डोळ्यांनी बघते. गंगुबाईने एक अंडं बघितलं, दुसरं बघितलं, मग बॅटरी बंदच केली.

"आगं वैशाली, ही तर दुकानातली अंडी! पांढरीफेक बघ की. ह्यास्नी कोंबडा ठाव न्हाय. यातनं पिल्लू जन्मात निघायचं न्हाय."

श्रेया मागे उभी होती. तिचं तोंड बघूनच मला कळलं. दरडावलं तेव्हा बोलली. "आजीनेच आणायला सांगितली होती डझनभर. म्हणाली, आईला सांगू नको. मला वाटलं, अंड्याची पोळी करणार असेल."

म्हणजे आईंना माहीत होतं! आयुष्य कोंबड्या पाळण्यात गेलं त्या बाईचं. दुकानातल्या अंड्यातून पिल्लू निघत नाही हे त्यांना कळत नाही? मग का बसवली? निव्वळ कापू नये म्हणून? आणि मी सहा दिवस ह्या वांझोट्या अंड्यांसाठी मका भरडतेय!

गंगुबाई म्हणाली, "उठव की मग. अंडी काढ, दोन दिवस टोपलीखाली डांब, जाईल खुडूक." पण आईंनी उठवू नको म्हणून सांगितलंय. का सांगितलंय देव जाणे. मी सांगितलेलं ऐकते, हाच माझा गुन्हा.

३ ऑगस्ट, रविवार

आईंचे सगळे रिपोर्ट चांगले. साखर बरोबर, टीबी नाही, सोनोग्राफीत काही नाही. डॉक्टर चक्रावलेत. आईंना तिथलं जेवण जात नाही, "मागीर खातंय" म्हणून झाकून ठेवतात आणि चहा मागतात. घरीही तेच – चार-चार वेळा चहा. मी ओरडायचे, चहाने भूक मरते म्हणून.

डॉक्टर म्हणाले, घरचं काय आवडतं ते आणा. प्रिती लगेच, "वहिनीच्या हातचं आवडतं ना तिला, चाटूनपुसून खाते म्हणे." त्या 'म्हणे'साठी मी तिला जन्मभर माफ करणार नाही.

उद्या सुकट घालून पेज नेणार. श्रावण लागल्यापासून घरात सुकट शिजली नाही, डबा वर ठेवून दिला होता. गंगुबाईला विचारलं, चालेल का. म्हणाली, "आजारी माणसाला कसला आलाय श्रावण?"

४ ऑगस्ट, सोमवार

आजच्या आज लिहून काढायला हवं.

सकाळी पेज केली. सुकट भाजली तेव्हा अर्ध्या मजल्याने नाकं मुरडली, श्रावणी सोमवार ना! डब्यात भरायच्या आधी निवावी म्हणून आईंच्याच ताटात ओतली. त्यांचं ताट म्हणजे स्टीलचं, मामंजींचं नाव कोरलेलं, एका बाजूला पोचा आलेलं. गॅलरीतल्या पाटावर ठेवलं. चमच्याला चिकटलेली पेज ताटाच्या काठावर टकटक करून झटकली.

खोक्यात खडबड झाली. आठ दिवस जी मेल्यासारखी बसली होती ती कोंबडी अंडी सोडून उठली, खोक्यातून धप्पकन पडली आणि तिरपी तिरपी धावत माझ्या पायांमधून थेट ताटात!

मी झाडू उचलला. आईंच्या ताटात तोंड! मारणार तोच हात थांबला.

ती खात होती. काठापासून आत, गोल गोल, सराईतपणे. आधी सुकट, मग पेज. पोट भरून दूर झाली तेव्हा मध्ये थोडी उरली होती. मी गेले नाही पुढे. ती पाणी प्यायली, ढीगभर घाण केली, पुन्हा आली आणि उरलेलं वेचलं. काठ चोचीने खरवडून काढला. नाचणीची पेज ताटाला वाळली की चिवट बसते, बोटाने निपटली तरी तपकिरी कड राहतेच. ही कडसुद्धा राहिली नव्हती.

लख्ख. अगदी रोज परत यायचं तसं.

मी तिथेच गॅलरीत बसले. मे, जून, जुलै. दोन्ही वेळचं.

त्या जेवल्या नाहीत. ही जेवली.

५ ऑगस्ट, मंगळवार

कुणालाही सांगायचं नाही.

५ ऑगस्ट, संध्याकाळी

का सांगू? प्रितीला आयतं हातात देऊ? सगळीकडे होईल – अंगणवाडीच्या बाईने सासूला उपाशी ठेवलं आणि कोंबडी पोसली. सुपरवायझरपासून मदतनिसापर्यंत सगळ्या हसतील. मी काय घास मोजायला बसायचं होतं समोर? मला नोकरी आहे! नवरा दिवसभर घरी नसतो, संध्याकाळी टीव्हीपुढे. त्याची आई आहे ना? त्याने एकदा तरी बघितलं?

काल केली तशीच पेज आज नेली. प्रिती भरवत होती. आईंनी दोन चमचे तोंडात धरून ठेवले. मी पहिल्यांदा नीट बघितलं. गिळताना मान पुढे काढली, डोळे मिटले, हात छातीवर गेला. प्रितीचं लक्ष डब्यात होतं. मग आईंनी पदराने तोंड पुसलं. दुसरा चमचा पदरात गेला.

त्यांना गिळता येत नाही. ही गोष्ट मला माहीत आहे आणि डॉक्टरांना माहीत नाही, कारण मीच त्यांना सांगितलंय की चाटूनपुसून जेवतात.

आणि तरी मी गप्प बसून घरी आले. लिही वैशाली, हेही लिही.

६ ऑगस्ट, बुधवार

पोच्याची गोष्ट आधी लिहिते, नाहीतर पुढचं लिहिता येणार नाही.

जून महिना. पोषण आहाराची तपासणी होती, दिवसभर उभी होते. घरी आले तर आईंचं दुपारचं ताट जसंच्या तसं, वर झाकण. विचारलं तर म्हणाल्या, "गेला नाय गो आज." मी ते ताट भरलेलं उचललं आणि मोरीत आपटलं. पेज भिंतीवर उडाली. म्हटलं, "मी काय मोलकरीण आहे? पहाटे पाचला उठून कुणासाठी मरते मी?" आई भिंत पुसायला उठल्या, तर मी फडकंही हिसकावून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून ताट लख्ख यायला लागलं. मी आठवडाभर सगळ्यांना सांगत होते – बघा, थोडं कडक वागलं की माणसं सुधारतात!

म्हणजे परवा मे-जून-जुलै लिहिलं ते चूक. मेमध्ये त्या खात असतील थोडं. लख्ख ताटं जूनपासूनची. पोच्यानंतरची.

आज सकाळी अंगणवाडीला दांडी मारली. हॉस्पिटलात गेले तेव्हा डॉक्टर, हे आणि प्रिती, तिघंही खाटेपाशी होते. बरंच झालं. एकदाच काय ते! सांगितलं. कोंबडी, ताट, पदर, सगळं. "मी आधी सांगितलं ते चुकीचं होतं," म्हटलं. "ताट रिकामं असायचं. त्यांना जेवताना मी एकदाही बघितलेलं नाही."

डॉक्टर हसले नाहीत. आईंकडे वळून म्हणाले, "आजी, घास कुठे अडतो?" आईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सांगा." तेव्हा त्यांनी बोट ठेवलं, गळ्याखाली, छातीच्या मधोमध. किती दिवसांपासून? शिमग्यापासून! आधी भाकरी, मग भात, मग पेजही. फक्त चहा जातो, पातळ.

उद्याच दुर्बीण घालून बघणार.

प्रिती बाहेर आली आणि सुटलीच. "म्हणजे माझी आई उपाशी होती आणि तुझी कोंबडी जेवत होती?" मी म्हटलं, "कोंबडी तुझ्या आईची आहे." काय बोलले! पण तोंडातून गेलं. ती रडायला लागली. मग हे म्हणाले, "प्रिती, पुरे. मीपण त्याच घरात होतो." आठ दिवसांत पहिलं वाक्य! उशिरा सुचलेलं शहाणपण. तरी बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून जास्तच राग आला.

७ ऑगस्ट, गुरुवार

कॅन्सर नाही. कॅन्सर नाही. कॅन्सर नाही.

अन्ननळी आकसलीय. जुन्या पित्ताने आत चट्टा पडलाय म्हणाले. आतून फुगा घालून रुंद करतात, कापाकापी नाही. शनिवारी करणार. आणखी दोन-तीन आठवडे गेले असते तर पाणीही उतरलं नसतं.

कोंबडीला संध्याकाळी पेज दिली, ताट वाजवून. सुकट घातली. आजारी कोंबडीलाही श्रावण नसतो, असं मीच ठरवलं.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. प्रितीने हॉस्पिटलच्या जिन्यात ह्यांना राखी बांधली. ओवाळायला काही नव्हतं, मोबाइलची बॅटरी लावून ओवाळलं! तिघंही हसलो आणि लगेच गप्प झालो, कारण आई आत होत्या.

तासाभराने बाहेर आणलं. संध्याकाळी अर्धी वाटी वरणाचं पाणी घेतलं. मी समोर बसले होते. गळा हलताना बघितला. एक, दोन, तीन... अठरा घोट.

प्रितीने ग्रुपवरचा तो मेसेज काढला नाही. मी बघितलं.

१० ऑगस्ट, रविवार

आज एकविसावा दिवस. काही निघायचं नव्हतंच. अंडी काढून कचऱ्यात टाकायला निघाले तर जिन्यात एक फुटलं. असा वास! दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी "कोण मेलं काय?" म्हणून ओरडलं. नाही मेलं कुणी, धन्यवाद!

कोंबडीला टोपलीखाली ठेवलंय. आतून शिव्या देतेय. देऊ दे, मीही देतेय.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आई घरी. तीन जिने ह्यांनी पाठुंगळीवर आणलं. दारात आल्या आल्या – "कोंबडी जिती हा?"

मी ठरवलं होतं विचारायचं नाही. पण मी ठरवते आणि तोंड बोलतं. "आई, दुकानातली अंडी कशाला ठेवलीत तिच्याखाली?" रागातच विचारलं. माझा आवाज तसाच आहे, मी काय करू?

आई पाटाकडे बघत म्हणाल्या, "तिका कापल्यांनी असती तर माझा ताट कोणी खाल्ल्यान असता?"

"मला सांगायचं होतंत. गिळवत नाही म्हणून सांगायचं होतंत!"

"तू दमान येतंस गो. इतक्या सगळा वेगळा रांधतंस. परत धाडूक माझो जीव होईना."

एवढंच म्हणाल्या. मोरीचं, ताटाचं, भिंतीचं नाव नाही. मी वाट बघत होते, त्या ते म्हणतील, मग मी भांडेन. त्या म्हणाल्याच नाहीत. मी उगाच श्रेयावर ओरडले, अभ्यास कर म्हणून. उद्या सुट्टी आहे तिला.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

पेज पातळ केली. वाढली आणि समोर बसले. आईंनी सगळी संपवली. माझ्याकडे बघत बघत, घाईघाईने, एकेक चमचा. शेवटी ठसका लागला. मी पाठ चोळली. लख्ख ताट माझ्या हातात दिलं.

मला ते आवडलं नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार

ताट नवं आणायचं म्हणत होते हे. मी नको म्हटलं. तो पोचा मला दिसायला हवा. आईंसमोर बसते, पण हातात मटार, नाहीतर शिवण घेऊन. खाली बघून. ताटाकडे बघत नाही, तोंडाकडे बघत नाही. अठरा वर्षं आयांना शिकवतेय, तोंड बघा म्हणून. आणि इथे बघितलं की घास घाबरतो.

कोंबडी टोपलीतून सुटली. आता कणी खाते, बाजरी खाते, मका खाते, चपलासुद्धा खाईल. नखरे संपले मेलीचे!

२१ ऑगस्ट, गुरुवार

दुपारचं ताट अर्धं भरलेलं परत आलं. पाटावरून माझ्या हातात देताना आई म्हणाल्या, "नको गो आता. पोट भरला."

लग्नाला एकोणीस वर्षं झाली. जूनमधलं ते "गेला नाय" सोडलं तर पहिल्यांदा मला नाही म्हणाल्या.

मी ताट मोरीत नेलं. हळू ठेवलं.